गॅरेजच्या दारावरच्या विटा झडताहेत, वरून गिलावा करून टाकू का?

वाचकाचं पत्र:

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. घर १९६० च्या दशकातलं, त्याला लागून एका गाडीचं गॅरेज. गॅरेजचं छप्पर सपाट आहे आणि पुढच्या बाजूला, दारावर, विटांची भिंत छपराच्याही वर साधारण दीड फूट गेलेली आहे. तिच्या माथ्यावर काँक्रीटच्या सपाट लाद्या आहेत. गेले दोन हिवाळे या भिंतीच्या विटांचे पोपडे सुटताहेत. यंदा जानेवारीत तर बशीएवढा टवका थेट गाडीच्या बॉनेटवर पडला. तीन-चार वर्षांपूर्वी आम्ही याच भिंतीच्या विटांमधल्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या होत्या. गंमत म्हणजे त्या दरजा शाबूत आहेत, विटाच आत गेल्यात. दाराच्या डाव्या कोपऱ्यातून एक बारीक भेग पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलीय. एक बिल्डर म्हणतो, पुन्हा पॉइंटिंग करून, म्हणजे दरजा भरून, वर वॉटरप्रूफिंगचा हात मारू. दुसरा म्हणतो, सगळी भिंत उतरवून नवी बांधा. माझे दीर पुण्यात सिव्हिल इंजिनिअर आहेत. ते म्हणतात, सिमेंटचा गिलावा करून रंग द्या, विषय संपला. आणि आमच्या ह्यांना व्हिडिओ बघून सगळं स्वतःच करायचंय. कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, आधी गाडी दारापुढून हलवा. घरातल्या सगळ्यांना सांगा की काम होईपर्यंत त्या दाराखालून ये-जा नको. बॉनेटवर पडलेला टवका डोक्यावरही पडू शकला असता. कोरडा दिवस बघून, भिंतीच्या थेट खाली उभं न राहता, जे पोपडे बोटाने हलतात तेवढे काढून घ्या. हातोडा लावू नका. वरच्या लाद्याही हलतात का ते हाताने चाचपून बघा. सैल झालेली लादी ही पोपड्यापेक्षा कितीतरी जड असते.

यानंतर बघायची ती भेग. विटांचं झडणं डोळ्यांत भरतं म्हणून सगळे त्याबद्दलच बोलतात, पण काही गंभीर असेल तर ते भेगेत. दारावरच्या भिंतीचा भार लिंटेल, म्हणजे दाराच्या माथ्यावरची आडवी तुळई, पेलतो. भिंत पुरेशी उंच असली की सांधेमोड करून (वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर येईल अशा) रचलेल्या विटांचं वजन कमानीच्या वाटेने दोन्ही बाजूंना उतरतं आणि लिंटेलवर फक्त मधल्या त्रिकोणाचा भार येतो. सात फुटांच्या दारावर पंचेचाळीस अंशांचा असा त्रिकोण पुरा व्हायला साडेतीन फूट उंची लागते. तुमच्या वर्णनावरून तुमची भिंत तेवढी नाही. म्हणजे तिच्यात कमान धड तयारच होत नाही, आणि जवळपास सगळं ओझं लिंटेलवर आहे. म्हणून “एक-दोन विटा काढल्याने काय होतंय” हे उंच भिंतीबाबत बऱ्याचदा चालून जाणारं वाक्य तुमच्या भिंतीला लागू नाही.

लिंटेलच्या खालच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. मध्ये पोट आलं असेल तर लगेच दिसेल. दार वरच्या बाजूला घासतं का? लिंटेलच्या टोकांपाशी आडवी भेग आहे का? लोखंडी लिंटेल गंजला की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि वरच्या विटांना अक्षरशः उचलतो. काँक्रीटचा असेल तर आतल्या सळ्या गंजून खालचा थर सुटलेला दिसतो. लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीवर निदान १५० मिमी टेकलेला हवा. आणि एक शक्यता अशी की बाहेरच्या विटांखाली लिंटेल नसेलच. त्या काळच्या काही इंग्रजी घरांत दारं-खिडक्यांवरच्या विटा सरळ लाकडी चौकटीच्या माथ्यावर बसवलेल्या सापडतात. पुढे कुणी चौकट बदलून दुसरं दार बसवलं की त्या विटांना खालून आधार राहत नाही आणि त्या हळूहळू बसू लागतात. तुमचं दार बदललेलं असेल तर हे नक्की तपासून घ्या.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहा आणि रुंदी मोजा. एक-दोन मिलिमीटरची, वाढत नसलेली भेग असेल तर घाबरू नका. पाच मिलिमीटरच्या पुढे गेली, किंवा भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आलेली हाताला जाणवली, तर बिल्डरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. लिंटेल बदलायचा ठरला तर ते इथल्या बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या खात्याला, कळवायचं काम आहे. “कशाला कळवायचं” म्हणणाऱ्या बिल्डरला चहा पाजून परत पाठवा.

लिंटेल ठीक आहे असं धरून आता विटांकडे येते.

वीट नुसत्या थंडीने फुटत नाही. थंडीच्या वेळी तिच्या पोटात पाणी असेल तर फुटते. लेहला हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो आणि तिथे कच्च्या मातीच्या विटांची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, कारण वर्षभरात तिथे पाऊस आणि बर्फ मिळून पाणी पडतं ते जेमतेम १०० मिमीच्या आसपास. लीड्सची थंडी त्यामानाने काहीच नाही, पण ती ओली आहे. शिवाय पारा शून्याच्या वर-खाली हेलकावत राहतो. दिवसा पाऊस, रात्री गोठण, सकाळी पुन्हा पाणी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. विटेतली छिद्रं अर्धवटच भरलेली असतील तर त्या फुगण्याला जागा मिळते. ती जवळजवळ गच्च भरलेली असतील तर जागा नसते, आणि विटेचं तोंड पापुद्रा होऊन सुटतं. एका रात्रीत हे होत नाही. असे फेरे हिवाळाभर चालतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांना वाटतं की भिंत अचानक झडायला लागली. आपल्याकडे डिसेंबरात वेण्णा लेकवर दव गोठल्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात, तेवढ्या थंडीने महाबळेश्वरच्या जांभ्याला काही होत नाही, म्हणून हा प्रकार आपल्या ओळखीचा नाही.

मग तुमच्या बाकीच्या घराच्या विटा धडधाकट असताना हीच भिंत का? कारण घराच्या भिंतीला पाऊस एका बाजूने लागतो, तिच्या माथ्यावर छप्पर असतं आणि आतून घराची ऊब असते. छपराच्या वर आलेला हा पॅरापेट पुढून भिजतो, मागून भिजतो, वरून भिजतो, आणि ऊब त्याला कुठूनच नाही. त्यातून तो बहुधा अर्ध्या विटेचा, म्हणजे चार इंच जाडीचा असणार. माथ्यावरच्या लाद्या सपाट आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि मला वाटतं चोर तिथेच आहे. लाद्यांमधले सांधे उघडे पडले की प्रत्येक सांध्यातून पाणी सरळ विटांच्या पोटात उतरतं. लादीखाली ओल अडवणारा पट्टा, म्हणजे डीपीसी, त्या काळच्या गॅरेजांवर बऱ्याचदा घातलेलाच नसतो. लादी भिंतीच्या पुढे नीट बाहेर आलेली आहे का आणि तिच्या पोटात पाणी ठिबकवणारी खाच आहे का, तेही बघा. लादी भिंतीच्या तोंडाशी सपाट संपत असेल तर माथ्यावरचं सगळं पाणी भिंतीवरूनच ओघळतं.

जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन बाहेर जा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघत उभ्या राहा. पाणी कुठून येतंय, पन्हळ कुठे ओसंडतेय, छपरावर मागे पाणी साचून पॅरापेटला टेकलंय का. या पंधरा मिनिटांत जे कळतं ते उन्हाच्या दिवशी भाव सांगायला आलेल्या माणसाला कळत नाही. आणि हो, गॅरेजमध्ये कपडे वाळवण्याचं यंत्र ठेवलं असेल आणि त्याची वाफ तिथेच सुटत असेल, तर तीही बंद करा. चार इंचाच्या भिंतीला आतून वाफारा द्यायची काही गरज नाही.

विटा कुठल्या आहेत हेही बघा. विसाव्या शतकात इंग्लंडभर स्वस्तात गेलेली वीट म्हणजे पीटरबरो-बेडफर्ड पट्ट्यातली फ्लेटन. तिथल्या मातीतच सेंद्रिय अंश इतका असतो की भट्टीत ती बरीचशी स्वतःच्याच जळणावर भाजली जाते, म्हणून ती स्वस्त पडायची. तिच्या तोंडावर वाळूचा किंवा रेघारेघांचा नक्षीदार थर असतो आणि आतून ती फिकी गुलाबी निघते. साध्या, वरून झाकलेल्या भिंतीत ती आयुष्य काढते. पॅरापेटमध्ये, जिथे सतत गच्च ओल असते, तिथे ती टिकत नाही. तुमच्या झडलेल्या विटा आतून गुलाबी दिसत असतील तर आश्चर्य नको. फ्लेटनमध्ये क्षारही बरेच असतात. आडव्या दरजांमधला मसालाच फुगून भुसभुशीत झाला असेल आणि दरजेदरजेत आडव्या भेगा असतील, तर मामला केवळ गोठण्याचा नाही, क्षारांनी सिमेंट खाल्लंय. पण दरजा शाबूत आहेत असं तुम्ही लिहिता, म्हणून ती शंका मी मागे ठेवते.

आणि दरजा शाबूत, विटा आत, ही खूण तर बोलकी आहे. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला सोपी वाट शोधतं. दरजेतला मसाला विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असेल तर पाणी दरजेतून सुकतं, आणि झिजायचंच झालं तर दरज झिजते. ती काही वर्षांनी पुन्हा भरता येते. दरजेत कडक सिमेंट ठासलं की ती वाट बंद होते, पाणी विटेत अडकतं आणि गोठायच्या वेळी मार विटेला बसतो. बहुतेक गवंडी कडक मसाला म्हणजे चांगला मसाला असंच समजून काम करतात, त्यामुळे हे तुमच्याच घरी झालंय असं नाही.

आता तुमच्या सल्लागारांकडे वळू. दीर चुकीचे इंजिनिअर नाहीत, ते फक्त पुण्यात आहेत. पुण्याची भिंत चार महिने भिजते, पण पुढे ऑक्टोबरचं ऊन तिला पुरतं वाळवतं आणि ती कधीच गोठत नाही. तिथे गिलावा हे भिंतीचं कवच आहे. लीड्समध्ये ओल्या, वरून गळणाऱ्या, झडलेल्या विटांवर सिमेंटचा गिलावा चढवला तर तो आकसून त्याला केसाएवढ्या भेगा पडतील, त्यांतून आणि वरच्या लाद्यांतून पाणी मागे शिरेल, आणि दोन हिवाळ्यांनी गिलाव्याचे मोठाले तुकडे दारापुढे पडतील. आज बशी पडतेय, तेव्हा परात पडेल. दिरांना हेच सांगा, त्यांना पटेल.

पहिल्या बिल्डरचा वॉटरप्रूफिंगचा हात मला त्याहून नापसंत आहे, कारण तो दिसत नाही. पारदर्शक द्रव पुढून मारल्यावर पुढून येणारं पाणी काही काळ थांबेल. पण तुमचं पाणी वरून आणि मागून येतंय. ते आत येत राहणार आणि पुढच्या तोंडाने सुकणं मंदावणार. त्याबरोबर येणारे क्षार त्या लेपाच्या मागे साचून तोंडाचा थर ढकलून काढू शकतात. आधी पाणी अडवून, विटा बदलून, भिंत एक उन्हाळाभर वाळल्यावर कुणी वाफ जाऊ देणारं सिलेन-सिलोक्झेनचं क्रीम लावलं तर मी भांडणार नाही. पण तेव्हा ते लावायची गरजच बहुधा उरलेली नसते.

दुसरा बिल्डर बऱ्याच अंशी बरोबर आहे, फक्त “सगळी” हा शब्द मला मान्य नाही. मी असते तर असं केलं असतं: लाद्या उतरवायच्या आणि छपराच्या वरचा पॅरापेट पूर्ण काढायचा. दीड फूट म्हणजे विटांचे सहा थर झाले. पुन्हा बांधताना ते सहाच हवेत असं कुणी सांगितलंय? छपराचं फेल्ट, म्हणजे पाणी अडवणारं डांबरी आच्छादन, मागच्या बाजूने पॅरापेटवर निदान १५० मिमी चढलेलं असावं लागतं, तेवढ्यासाठी तीन थर पुरतात. तीन थर कमी म्हणजे लिंटेलवरचं ओझं कमी, वाऱ्याला अडणारी भिंत कमी आणि भिजणारी वीटही कमी. पॅरापेट पूर्णच रद्द करून छपराची कड पुढे आणून पट्टीने बंद करता आली तर आणखी छान, फक्त मग पाण्याचा उतार कुठे जातो ते छपरावाल्याकडून समजून घ्या. शेजाऱ्याचं गॅरेज तुमच्याला जोडून असेल आणि पॅरापेट दोघांचा सलग असेल तर काम काढण्याआधी त्यांच्याशी बोला. सामाईक भिंतीला हात लावायचा तर इंग्लंडमध्ये त्यासाठी १९९६ चा पार्टी वॉल कायदा आहे आणि लेखी नोटीस द्यावी लागते.

नव्या थरांसाठी वीट मागताना नुसता रंग जुळवू नका. इथल्या विटांवर गोठण सोसण्याची प्रत लिहिलेली असते: एफ-०, एफ-१, एफ-२. पॅरापेटला एफ-२ च हवी. आकारही बघा. सत्तरच्या दशकात मेट्रिक वीट आली, तिची उंची ६५ मिमी. तुमच्या घराची वीट त्याआधीची, म्हणजे ६८ किंवा ७३ मिमीची असायची शक्यता जास्त, आणि उत्तरेकडे ७३ मिमी बरीच सापडते. आठ मिलिमीटरचा फरक तीन थरांत २४ मिमी होतो आणि दरजांची रेघ शेजारच्या भिंतीशी जुळत नाही. ही जुनी मापं आजही नव्याने बनतात. जुन्या विटांच्या वखारीत स्वस्तात मिळतील, पण त्या कुठल्या भिंतीतून निघाल्या आणि गोठण सोसतील का हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून पॅरापेटसाठी मी त्या घेणार नाही.

मसाल्याबद्दल एक नियम: तो विटेपेक्षा कमकुवत हवा. लिंटेल आणि छपराच्या मधल्या जुन्या भिंतीसाठी एक भाग सिमेंट, एक भाग हायड्रेटेड चुना, सहा भाग वाळू. वरच्या नव्या, टणक विटांच्या उघड्या थरांसाठी थोडा सशक्त: एक सिमेंट, अर्धा चुना, साडेचार वाळू. सिमेंट क्षारांना टिकणाऱ्या प्रकारचं घेतलं तर उत्तम. हे वाचणाऱ्या कुणाचं घर व्हिक्टोरियन काळातलं असेल तर त्यांनी हे प्रमाण वापरू नये. तिथे सिमेंट अजिबात नको, ३.५ प्रतीचा हायड्रॉलिक चुना आणि वाळू, बस. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतीही चुन्यातच आहेत, आणि त्यांनाही सिमेंटचे ठिगळ लावल्याचे परिणाम आपण बघतोच आहोत.

लाद्या परत बसवताना त्यांच्याखाली सलग डीपीसी घाला. तो दरजेच्या मधोमध मसाल्यात बसवतात, कोरड्या विटेवर नुसता अंथरत नाहीत. जुन्या सपाट लाद्या देऊन टाका आणि उताराच्या, दोन्ही बाजूंना बाहेर येणाऱ्या, पोटात खाच असलेल्या नव्या घ्या. खाच भिंतीच्या तोंडापासून सुमारे ४० मिमी पुढे असावी. आणि हे सगळं करताना छपराचं फेल्ट मागून सुटणारच आहे. म्हणून गवंडी आणि छपरावाला यांच्या तारखा एकत्र जुळवा. नाहीतर नवी भिंत उभी आणि मागून पाणी छपराखाली, असा नवाच उद्योग होतो.

लिंटेल आणि छप्पर यांच्यामधल्या भिंतीत फक्त ज्या विटांचं तोंड गेलंय त्या सुट्या बदला. आधी लिंटेलला खालून टेकू द्यायचे. टेकू म्हणजे पेंटर वापरतात ती शिडी नव्हे, भाड्याने मिळणारे लोखंडी अ‍ॅक्रो प्रॉप. मग एका वेळी एक वीट, आणि तिच्या शेजारची त्याच दिवशी नाही. दरजेत लांब ड्रिलने ओळीने भोकं पाडून अरुंद छिन्नीने मसाला काढायचा. ग्राइंडर दिसायला झटपट, पण उभ्या दरजेत तो वरखालच्या चांगल्या विटांना हमखास कापतो. पोकळी साफ करायची, ओलसर करायची, तळाला आणि बाजूंना मसाला लावायचा, नव्या विटेच्या डोक्यावर मसाला ठेवून ती आत सरकवायची आणि वरची दरज अरुंद थापीने ठासून भरायची. ही वरची दरज पोकळ राहिली तर ती वीट भार घेत नाही, नुसती शोभेला बसते. वीट उलटी फिरवून मागचं चांगलं तोंड पुढे आणायची युक्ती साध्या विटांना चालते, फ्लेटनला नाही, कारण तिची नक्षी पुढेच असते. लिंटेलच्या वर मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या उभ्या दरजा दिसल्या तर त्या पाणी बाहेर पडायच्या वाटा आहेत. त्या भरू नका.

बाकीच्या दरजांमधलं कडक सिमेंटही काढावं लागेल, निदान २०-२५ मिमी खोल. जिथे ते काढताना विटेची कड तुटतेय तिथे हट्ट सोडा, ते राहू द्या.

हे सगळं आत्ता नाही. पारा ३ अंशांच्या खाली आणि उतरता असेल तेव्हा मसाल्याचं काम करत नाहीत, आणि ओला मसाला गोठला तर तो कायमचा भुसभुशीत होतो. एप्रिलअखेर ते सप्टेंबर हा काळ धरा. तोपर्यंत पॅरापेटच्या माथ्यावर ताडपत्री टाकून ती दोन्ही बाजूंना विटांपासून थोडी लांब सुटेल अशी बांधा. भिंत गुंडाळू नका, तिला वारा लागू दे. दिरांना व्हिडिओ कॉलवर काम दाखवाल तेव्हा ते दोन गोष्टींवर आक्षेप घेतील: विटा हौदात भिजवल्या का नाहीत आणि आठवडाभर पाणी का मारत नाही. एफ-२ च्या विटा बऱ्याचदा पाणी कमीच पितात, अशी वीट भिजवली तर मसाल्यावर तरंगते आणि रांग हलते. आणि लीड्सच्या हवेत पाणी मारायची गरज नाही. ओलसर गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक, जोराच्या पावसापासून आणि उन्हापासून झाकायला, एवढं पुरे.

राहता राहिले तुमचे अहो. त्यांचा उत्साह मोडू नका, पण लिंटेलच्या वरची वीट काढणं आणि पॅरापेट उतरवणं त्यांच्याकडे देऊ नका. ते टेकू, मचाण आणि उंचीवरचं वजन यांचं काम आहे. त्यांनी पावसात उभं राहून पाण्याची वाट शोधावी, पन्हळ साफ करावी, भेगेची नोंद ठेवावी, विटा आणि लाद्या निवडून मागवाव्यात. खालच्या बाजूच्या भिंतीत, जमिनीवर उभं राहून हात पोचेल तिथे, त्यांना दरजा भरून बघू दे. दरजा कोरताना एफएफपी-३ चा मास्क लावायचा, विटा-वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात राहते. आणि चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालायचाच. पानाला लावतो तोच ना, म्हणून हलक्यात घेऊ नका, डोळ्यात गेला तर बुबुळ जाळतो.

बिल्डरकडून भाव घेताना तो लेखी घ्या आणि त्यात चार गोष्टी शब्दांत लिहून मागा: मसाल्याचं प्रमाण, विटेची प्रत, लाद्यांखाली डीपीसी आणि लिंटेलला टेकू. “स्टँडर्ड मसाला” असं लिहून देणाऱ्याला एकदा प्रमाण विचारा, उत्तर ऐकून तुमचं तुम्हालाच कळेल. दोघांचे भाव या चार ओळींवर शेजारी ठेवले की फरक कशाचा आहे ते समजतं.

घराच्या विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. हळूहळू होत गेलेली हानी बहुतेक पॉलिसी धरत नाहीत, आणि ही त्यातलीच. गाडीच्या बॉनेटचं मात्र वेगळं, त्यासाठी गाडीची पॉलिसी काढून वाचा. पडलेला टवका, बॉनेटचा पोचा आणि भिंत, तिन्हींचे फोटो काढले नसतील तर ताडपत्री टाकायच्या आधी काढून ठेवा.